घोड्याचं नाव ठाऊक आहे

घराण्याची वंशावळ छापायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला घरात कुणी काही विचारत नाही. मग तो पूर्वजांच्या मागे लागतो. तंजावरहून इकडे तमिळ राजधानीत आलेलं आमचं मराठी घराणं. पुरुषांची नावं वरपासून खालपर्यंत तयार होती. अडलं ते पणजीपाशी.

पणजी म्हणजे माझ्या आत्याची आजी, साहेबाच्या राज्यातली बाई. आत्याची आई लवकर गेली, तेव्हा या आजीनंच तिला वाढवलं. आता आत्या नव्वदीला टेकलेली, तिरुवल्लिकेणीत एकटी राहते. तिचं एकच मागणं होतं. "माझे डोळे मिटायच्या आत, माझी आजी कुणाची कोण, एवढं शोधून दे."

आजीच्या माहेरचं आडनाव आत्याला पाठ होतं. त्या आडनावाचं एक मराठी घर एन्नोरला, वीजकेंद्राच्या वसाहतीत निघालं. बसचे धक्के खात गेलो. खिडकीच्या गजांवर राख, आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत त्यांचीही वंशावळ! मधोमध कलेक्टर कचेरीतले शिरस्तेदार, त्यांचे पूर्वज. मी पणजीचं नाव सांगितलं. घरमालकांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"या नावाची बाई आमच्यात झालीच नाही."

परतीच्या बसमध्येच मी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलं : आत्याची स्मरणशक्ती आता साथ देत नाही, पणजी त्या घरची नव्हे. खाली जोडलेले हात. भावंडांचे अंगठे आले. आत्याही त्याच ग्रुपवर आहे, हे मी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे उभा राहिलो.

"कुठलं नाव विचारलंस?"

"पणजीचं."

"अरे, पण कुठलं?"

मी सांगितलं. आत्यानं कपाळावर हात मारला. "अय्यो! ते आपल्या घरानं ठेवलेलं! लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं. ते घेऊन तिच्या माहेरी गेलास? तिथं कोण ओळखणार ते? आणि वर मला म्हातारचळ लागला म्हणून गावभर सांगतोस, गाढवा?"

"मग माहेरचं काय होतं?"

"तेच तर मला हवंय! विचारलं की म्हणायची, ते आता कशाला."

तिथूनच मी एन्नोरला फोन लावला, स्पीकरवर.

"हां, शिरस्तेदारांना एक बहीण होती," घरमालक म्हणाले. "तंजावरला दिलेली. नाव कोण जाणे. मुली वंशावळीत घालत नाहीत हो. शिरस्तेदारांच्या घोड्याचं नाव मात्र ठाऊक आहे. सांगू?"

आणि सांगितलंही! माझ्या अंगाची आग झाली. चारा खाऊन लीद टाकणाऱ्या जनावराचं नाव पिढ्यान् पिढ्या जपलं, आणि पाठच्या बहिणीचं नाव कोण जाणे? फोन आपटणार होतो. पण तो मुलीनं दिलेला, म्हणून उशीवर आपटला.

आत्यानं सगळं ऐकलं होतं. माझा पट्टा चालूच होता : असले लोक, असली घराणी, यांच्या त्या काचेच्या चौकटी...

"पोदुम, पुरे," ती म्हणाली. "तुझी वंशावळ आण."

माझ्या पिशवीत फ्लेक्सचा नमुना होता. पलंगावर उलगडला. तिनं चष्मा पुसला आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, अगदी त्या एन्नोरकरासारखं.

"मी कुठंय?"

मी वाकून बघितलं. माझे वडील होते, काका होते, त्यांच्या बायका होत्या. याच घराण्यात जन्मलेली आत्या नव्हती. तिच्या जागी मी हौसेनं दोन सिंह टाकले होते, तोंडं उघडी. शिव्या द्यायला आता एन्नोरपर्यंत जायची गरज उरली नव्हती.

"सिंह काढ," आत्या म्हणाली. "माझं नाव घाल, जन्माचं. सासरचं नको. आणि आजीचं ते तांदळातलं पुसून टाक."

"मग तिथं काय घालू?"

"काही नाही. मला नाही ना कळलं? मग कुणालाच कळल्यासारखं दिसायला नको."

फ्लेक्सवाल्याकडे मी स्वतः शेजारी बसून सगळं बदलून घेतलं. छापायच्या आधी त्यानं पडद्यावर बोट ठेवलं आणि तमिळमध्ये म्हणाला, "सार, इथं एक चौकट रिकामी राहिली. शोभत नाही. काढलेला एक सिंह टाकू?"

"हात तर लावून बघ!" मी ओरडलो, तेही मराठीत. त्याला बरोबर कळलं.