दोराचे दोन हिसके

नातवाच्या कॉम्प्युटरवर परवा नुसता एक आकडा आला. "आज्जी, बिघडलंय एवढंच कळतंय, काय बिघडलं ते न्हाई," तो म्हणाला. मला मंठ्याजवळची आमची विहीर आठवली.

बाप कमरेला दोर बांधून तळाशी खोदायचा. दोराला एक हिसका म्हणजे सगळं बराबर, दोन म्हणजे गडबड. त्या दिवशी दोन बसले. चुलता वाकून ओरडला, "दादा, काय झालं?" खालून आवाज नाही. तो पुन्हा विचारायला लागला, तशी आई दोराला झोंबली. "इचारता काय भावजी? ओढा जल्दी!"

बाप वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. खालची हवा विषारी झाली होती. तोंडावर पाणी मारल्यावर तो पुटपुटला, "कुदळ खालीच राह्यली."

आईनं चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली. मला तेव्हा लाज वाटली. आज वाटतं, अजून एक द्यायला हवी होती.