मदत समितीचा नारळ

नयनाचा राग दुधासारखा उतू जात नसे. तो विरजणासारखा होता. झाकून ठेवावा आणि नंतर बघावं, तर भांडं उलटं केलं तरी हलू नये असा घट्ट. निफाडकडच्या द्राक्षबागांत ती वाढली, नवऱ्याच्या, गिरीशच्या, नोकरीमागे कतारला आली आणि अल मुंतझा भागातल्या एका जुन्या इमारतीत तिनं संसार मांडला. तिथं बोलणारी माणसं पुष्कळ होती, ऐकून घेणारी थोडी. ही ऐकून घेणारी निघाली.

म्हणून मराठी मंडळाच्या मदत समितीचं काम तिच्याकडे आलं. कुणी दिलं नाही. पाणी उताराकडे जातं तसं आलं. समितीवर ज्या गृहस्थांचं नाव होतं ते कायमचे गावी परतले, आणि आपला कुणी दवाखान्यात पडला, कुणाचा पासपोर्ट अडला, की फोन नयनाला येऊ लागले. ती डब्यात वरणभात घेऊन जाई आणि साहेब लोकांशी हिंदीत वाद घाली.

या खेपेला सदानंद होता. गुहागरकडचा गडी, अल रुवैसच्या बंदरातल्या मासेमारी बोटीवर कामाला. जाळं ओढायच्या यंत्रात त्याचा उजवा हात सापडला. एक शस्त्रक्रिया झाली होती, दुसरी बाकी होती. ती वेळेत झाली तर बोटं वळतील, असं डॉक्टरांचं म्हणणं. पण बोटीचा मुकादम जियाद त्याला विमानात बसवायला निघाला होता. उरलेलं गावी जाऊन करा म्हणे.

"ताई, गावी गेलो की हात गेलाच समजा," सदानंद म्हणाला. डाव्या हातानं तो उजव्याला धरून बसला होता, झोपलेलं पोर धरावं तसा.

नयना जियादला भेटली. तो वाईट बोलला नाही. "मॅडम, आप अच्छे लोग हैं. मगर आप हैं कौन? कमिटी का आदमी बात करे, तो मैं रुकूँगा."

शुक्रवारी मंडळाची वार्षिक सभा होती. सेवाभावी सभासदांनी समित्यांसाठी आपणहून पुढे यावं, असं मंडळानं सगळ्यांना कळवलं होतं. नयनानं मदत समितीसाठी नाव दिलं.

"दे नाव," गिरीश म्हणाला. "पण नावं शशिकांतरावांच्या घरी चहावर ठरतात."

"मग साखर किती घालतात तेवढं बघून येते."

शशिकांतराव म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. मतदान म्हणजे भांडण, असं त्यांचं मत. त्यामुळे मंडळात नाव पुकारायचं, नारळ हाती द्यायचा, टाळ्या वाजवायच्या, झालं. मागच्या वर्षी एकानं नारळ घेतला आणि मागाहून काम नको म्हणाला. तेव्हा शशिकांतरावांनी भर सभेत ठणकावलं होतं, "नारळ ज्याच्या हाती, काम त्याच्या माथी. नंतर अदलाबदल नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. श्रीफळाला नाही म्हणू नये, हे तर प्रत्येकाच्या हाडातच होतं.

अल दुहैलमधल्या शाळेच्या सभागृहात नावं पुकारली गेली. "मदत समिती, श्री. विजयकुमार." बँकेतला तरणाबांड माणूस, अंगात सूट. नारळ घेतला, फोटोसाठी छाती फुगवली. अल रुवैस उत्तरेला की दक्षिणेला हे त्याला विचारून घ्यावं लागलं असतं.

"हळदीकुंकू आणि स्नेहभोजन समिती, आपल्या नयनावहिनी. वहिनींच्या पुरणपोळीला तोड नाही."

लोक हसले. नयना मंचावर चढली, नारळ घेतला आणि तिथंच उभी राहिली.

"मी मदत समितीसाठी नाव दिलं होतं."

"वहिनी, बंदर, कामगारांच्या वस्त्या, तिथं बायामाणसांनी कशाला जायचं?" शशिकांतराव मवाळपणे म्हणाले. "आणि मदत करायला तुम्हाला कुणी अडवलंय? पदात काय आहे एवढं?"

"काहीच नसेल तर द्या की."

पुन्हा हसू फुटलं, पण अर्ध्यातच विझलं. तिच्या आवाजाला धार आली होती. ती विजयकुमारकडे वळली.

"सदानंद कोण, ठाऊक आहे?"

"कोण सदानंद?"

"उद्या त्याचा मुकादम समितीच्या माणसाला विचारेल, याला गावी धाडू का. काय सांगाल?"

"उद्या मी दुबईला आहे. सोमवारी बघू ना, वहिनी."

"सोमवारी तो गावच्या ओट्यावर निकामी हात घेऊन बसलेला असेल. तुम्हाला फोटो पाहिजे, त्याला हात पाहिजे. अध्यक्षांनी चहा पिता पिता तुमचं ऐकलं."

मग तिनं आपला नारळ विजयकुमारपुढे धरला. श्रीफळ समोर आलं की आपल्या माणसाचा हात आपोआप पुढे होतो. त्याचाही झाला. तेवढ्यात दुसऱ्या हातातला त्याचा नारळ तिनं काढून घेतला.

"शशिकांतराव, नियम तुमचाच. नंतर अदलाबदल नाही."

अध्यक्षांनी माइककडे पाहिलं, जणू तोच काही बोलेल. विजयकुमार हळदीकुंकवाचा नारळ घेऊन उभा होता. मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, नारळ दिल्यावर टाळ्या वाजवतात ना?" आणि त्यांनी वाजवल्या. मग इतरांनीही, यावं की नको अशा विचारात पडलेल्या पावसासारख्या.

नयना जेवायला थांबली नाही. गाडीत गिरीशशेजारी बसल्या बसल्या तिनं जियादला फोन लावला.

"कमिटी बोल रही है."

"कौन?"

"वही मॅडम."

पलीकडे जियाद थोडा हसला. "खलास, मॅडम, बात पक्की. ऑपरेशन तक टिकट नहीं निकालूँगा. कल कमिटी के ठप्पे का कागज़ ले आना."

"झाला राग शांत?" गिरीशनं विचारलं.

"नाही. गाडी वळव. ठप्पा शशिकांतरावांकडे आहे."

"आत्ता पंगत बसली असेल. जेवत असतील ते."

"जेवू दे," नयना म्हणाली. मांडीवरचा नारळ तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "हात धुवेपर्यंत थांबेन."