अळणीचा नेम

सांगलीचा डॉक्टर परवा म्हणाला, "आजी, आता मीठ सोडा." त्याचं काही चुकलं नाही, रक्तदाब वाढलाय माझा. पण मी त्याच्यावर अशी काही खेकसले की लेकीनं दंडाला धरून बाहेर काढलं. रिक्षात ती सारखी विचारत होती, एवढं काय लागलं म्हणून. काय सांगणार? ती तेव्हा आठ महिन्यांची होती. अक्षरओळख मला पुढं तिनंच करून दिली, तेव्हा तिच्यासाठीच लिहिते.

लढाईचे दिवस होते. इस्लामपूरच्या अंगाला, कृष्णाकाठी आमचा ऊस. हा मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यातच धरायचे. घरटी एक माणूस पलटणीत, तसे आमचेही. दिवाळीला रजेवर आले, दोन महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन बसले, आणि गेले ते थेट समुद्रापार. कुठं, ते पत्रात लिहायला बंदी.

ते गेले त्याच दिवशी मी भैरोबाच्या पायरीवर डोकं टेकलं आणि बोलून बसले, हे परत येऊन माझ्या हातची भाकरी खाईपर्यंत मी मिठाचा खडा तोंडात घालणार नाही. असले नेम बायका करायच्याच. कुणी वहाणा सोडायची, कुणी डोईला तेल लावायची नाही. मला वाटलं, सोपं काहीतरी सोडलं तर देवाला त्याचं काय? मी पहिल्यापासून हट्टी. अजूनही आहे.

घरात आम्ही तिघीच, मी, तान्ही लेक आणि सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायची. सासरे कधीच गेलेले, आणि आत्याबाईंना हा एकच मुलगा. नेमाचं कळल्यावर त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. "बरं केलंस बाई," म्हणाल्या. "त्येच्या जिवाला राखण हुईल." तेव्हापासून माझी आमटी त्या आधी वेगळी काढायच्या आणि मगच बाकीच्या आमटीत मीठ टाकायच्या.

थंडी निभावली. अळणी घासानं पहिल्यांदा मळमळायचं, मग जीभच मेली. पण चैत्राचा पाडवा झाला, ऊन तापलं आणि उसाच्या भांगलणीला, तण काढायला लागल्यावर माझे हाल सुरू झाले. सकाळी डोळा उघडावा तर जीभ टाळूला चिकटलेली. ओठांना भेगा. उठून बसले की घर गरगर फिरायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे. रात्री दोन तांबे पिऊन निजायची, सकाळी उठल्या उठल्या आणखी दोन. पोट डबडबायचं आणि तोंड कोरडं ते कोरडंच.

माझं माहेर माणातलं, दहिवडीकडचं. तिथं एका घागरीत आम्ही सहा माणसांनी दिवस काढलेला. इथं दारात आड, पलीकडं नदी, पाण्याला तोटा नाही. आणि या पाण्याच्या गावात मी माणातल्यापेक्षा वाळून चालले होते. रागच यायचा मला, स्वतःच्या अंगाचा. कुणी सांगितलं उष्णता आहे, सब्जा घे. घेतला. कुणी म्हणालं नजर लागली, तीही उतरवून झाली. सगळ्यांचं एकाच गोष्टीवर एकमत, पाणी पी, लय पाणी पी. मी पीत गेले. मग दूध आटलं. लेक ओढून ओढून दमायची आणि मला नखं मारायची.

अखिती, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. भर सकाळी मी उसाच्या सरीत कोसळले. घरी कशी आणली आठवत नाही. घोंगड्यावर पडले होते, माणसांचं बोलणं लांबून आल्यागत कानावर येत होतं. शेजारी आमचे एक चुलत सासरे राहायचे, पहिल्या लढाईत समुद्रापार बसऱ्याला जाऊन आलेले पेन्शनर. ते आत्याबाईंना विचारत होते, "वयनी, ही निसतं पाणी पिती आन् मीठ खात न्हाई व्हय? मग आंगात पाणी ऱ्हाईल कसं? बसऱ्याच्या उनात आमचा सायेब पाण्यात मीठ टाकून प्यायला लावायचा. निसतं पाणी पिणारा गडी पालथा पडायचा. मीठ द्या हिला, न्हाईतर पोरीला आई उरायची न्हाई."

आत्याबाई उठून चुलीकडं गेल्या. बराच वेळ त्या चुलीपाशी माझ्याकडं पाठ करून बसलेल्या मला दिसत होत्या. पाळण्यात लेक रडून रडून गप्प झाली होती.

मग त्या वाटी घेऊन आल्या. पहिल्या थेंबालाच मी ओळखलं आणि फुर्र करून त्यांच्या तोंडावर थुंकले. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, माझ्या दंडावर गुडघा दिला, नाक दाबलं आणि वाटी माझ्या घशात रिकामी केली. मी त्यांच्या बोटाला चावले. रक्त निघालं. त्या तेवढंच म्हणाल्या, "नेम तू न्हाई मोडलास, म्या मोडला. भैरुबानं इचारलं तर माझं नाव सांग."

मग त्यांनी देवळाच्या दिशेला तोंड करून भुईला डोकं टेकलं. ते मी पाहिलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी त्यांना नाही नाही ते बोलले.

चार दिवस त्यांनी असं बळजबरीनं पाजलं. सकाळी जीभ ओली राहू लागली, घर फिरायचं थांबलं, दूध परत आलं. पाचव्या दिवशी मीच वाटी पुढं केली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर वीसेक दिवसांनी तार आली. गावच्या मास्तरांनी वाचली. हे लढाईत कामी आले, एवढंच त्यात होतं.

अंगणात गावच्या बायका जमलेल्या. त्या सगळ्यांच्या देखत मी आत्याबाईंच्या अंगावर धावून गेले. "तुमीच! तुमीच मीठ घातलंसा माझ्या तोंडात! तुमीच मारलंसा त्यांस्नी!" त्यांनी उलट शब्द काढला नाही. डोळ्यांत टिपूस नाही. लेकीला उचललं आणि आत गेल्या. बायका म्हणाल्या, दगडाच्या काळजाची आहे. मला वाटलं, चोराच्या तोंडाला कुलूप. महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्या भाकरी करून ठेवायच्या, मी त्यांची पाठ वळली की खायची. होय, मीठ असलेलीच खात होते.

महिन्यानं पलटणीच्या साहेबाचं पत्र आलं. मी मास्तरांकडं गेले. त्यांनी वाचून सांगितलं, हे आधी बेपत्ता धरले होते, खात्री उशिरा झाली. जाण्याची तारीख पत्रात होती. मास्तर भिंतीवरच्या पंचांगाकडं गेले, बोटानं मोजलं आणि म्हणाले, "पाडव्यानंतरच्या आठवड्यातली आहे, बाई."

मी म्हटलं, पुन्हा बघा. त्यांनी पुन्हा बघितलं. पाडव्यानंतरचा आठवडा. तेव्हा मी कडकडीत नेमात होते. ओठ फाटेपर्यंत पाळत होते, आणि ते गेले होते. नेमाचा एवढा राग आला की काय सांगू, आणि त्याहून माझा स्वतःचा.

तशीच मळ्याकडं धावले. आत्याबाई उसाला पाणी पाजत होत्या. बांधावरूनच ओरडले, "आत्याबाई, ते चैतातच गेलं! अखितीच्या आदी!"

त्या खोऱ्यावर भार देऊन उभ्या राहिल्या. "म्हंजी मिठाच्या आदी?"

"व्हय."

"मास्तरनं नीट बघितलं?"

"दोनदा बघितलं."

त्यांच्या हातातलं खोरं पडलं. पाण्यानं भरलेल्या सरीत त्या मटकन खाली बसल्या. "म्या न्हाई मारला गं," म्हणाल्या. "म्या न्हाई मारला माझ्या लेकराला." आणि त्यांनी असा टाहो फोडला की पलीकडच्या मळ्यातली माणसं धावत आली.

तार येऊन महिना उलटला होता. मुलासाठी ती बाई त्या दिवशी पहिल्यांदा रडली, आणि इतके दिवस तिला रडू दिलं नव्हतं ते मी.