इसार घेतलेली बाग

माझे मामा पंजाबराव यांच्याबद्दल लोक फार चांगलं बोलतात आणि तेच ऐकून माझं डोकं फिरतं. चांगलं बोलायला कोणाचं काय जातं!

तिवशाजवळ त्यांची संत्र्याची तीनशे झाडं. आमच्याकडे फळ झाडावर असतानाच बाग विकली जाते. व्यापारी येतो, बागेतून फिरून अंदाज घेतो, सौदा पक्का म्हणून थोडे पैसे, म्हणजे इसार, हातात ठेवतो आणि जातो. कागद नाही, सही नाही. पण इसार घेतला की त्या दिवसापासून फळ परक्याचं. मालकानं राखण करायची, पाणी द्यायचं, तोडायचं मात्र नाही. मामा हे इतकं पाळतात की दिवाळीला त्यांची लेक साधना माहेरी आली, तेव्हा तिच्यासाठी मामीला तिवशाच्या हातगाडीवरून किलोभर संत्री विकत आणावी लागली. घरामागं तीनशे झाडं फळांनी वाकलेली!

त्या वर्षी बाग भगवंतराव नावाच्या व्यापाऱ्यानं घेतली होती. त्याचा बहुतेक माल बांगलादेशात जायचा. दिवाळी झाली की तोडायला येतो म्हणाला होता. तेवढ्यात तिकडच्या सरकारनं संत्र्यावरचं आयात शुल्क पुन्हा वाढवलं. कोणी म्हणे, आपण कांदा द्यायचा बंद केला म्हणून. कोणी म्हणे, त्यांच्याकडे डॉलर उरले नाहीत म्हणून. खरं काय ते दिल्ली जाणे आणि ढाका जाणे. आम्हाला एवढंच कळलं की भाव पडला आणि भगवंतराव फोन उचलेना.

फळं पिकून गळायला लागली. सत्यभामामामी रोज सकाळी टोपलंभर सडकी संत्री उकिरड्यावर टाकून यायची आणि मामांवर उखडायची.

“तोडून टाका ना वो! हाटात तरी नेऊ.”

“इसार घेतला हाये आपण.”

“मंग त्यानं कावून नाई पाळलं?”

“त्याचं तो पाहीन.”

आणि प्रश्न एका हंगामाचा नव्हता. डिसेंबरात झाडांचं पाणी तोडून त्यांना ताण द्यावा लागतो, तेव्हा कुठं जानेवारीत फूल येतं. झाडावर फळ असताना ताण देता येत नाही. म्हणजे हे वर्ष तर गेलंच, पुढचंही चाललं होतं.

मी नांदगाव पेठेला कापड कारखान्यात कामाला. एक दिवस पेपरात वाचलं की या शुल्काचा फटका बसलेल्यांना सरकार अनुदान देणार. मीच शहाणपणा केला, मामांना स्कूटरवर बसवून अमरावतीच्या सरकारी ऑफिसात नेलं.

“निर्यातीची कागदपत्रं आणलीत?” साहेबांनी विचारलं.

“बाग हाये माह्यी,” मामा म्हणाले.

“काका, अनुदान निर्यातदाराला आहे. बागवाल्याला नाही.”

शुल्क लावणार ते, भाव पडणार आमचा आणि भरपाई मिळणार व्यापाऱ्याला! मी आवाज चढवला, तसं त्यांनी परिपत्रकाची झेरॉक्स माझ्या हातात दिली. ती तेवढी फुकट मिळाली.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, “इसार वापस करून येऊ. शब्दातून सुटलो त फळ तोडता येते.”

दुसऱ्या दिवशी चांदूर रेल्वेच्या रस्त्यावर भगवंतरावाच्या शेडमध्ये गेलो. तिथं क्रेट भरणं जोरात चालू होतं. भाव पडल्यावर भलत्याच बागांमधून निम्म्या दरात उचललेला माल. आम्हाला बघून तो जराही ओशाळला नाही.

“अवो पंजाबराव, मी आलो नाई म्हंजे सौदा मोडला. सारे तोडून मोकळे झाले. तुमचा हात कोणी धरला होता?”

“तुमी सांगतलं नाई ना,” मामा म्हणाले आणि त्यांनी नोटा पुढं केल्या.

व्यापारी फिरकला नाही की रीतीनं त्याचा इसार बुडतो. मामांनी ठेवला असता तरी कोणी बोट दाखवलं नसतं. पण भगवंतरावानं त्या नोटा घेतल्या, खिशात घातल्या आणि आमच्यासाठी चहा सांगितला. मी उठलो, तर मामांनी माझा हात दाबून खाली बसवलं.

रस्त्यावर आल्यावर मात्र मला राहवलं नाही. “मामा, येडे हा का तुमी? त्यानं फसवलं अन् पैसेबी तुमीच देऊन राहिले!”

“आता मोकळा झालो ना बे,” एवढंच ते म्हणाले. खुशीत होते. माझा संताप संताप झाला.

घरी न जाता ते थेट बागेत गेले. मामी टोपलं घेऊन धावतच आली. मामांनी अख्ख्या हंगामातलं पहिलं संत्रं तोडलं, धोतराला पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

“घे. आता आपलं हाये.”

मी सोललं. साल नुसती फुगली होती, आत फोडी वाळून चिपाडं झालेल्या. थेंबभर रस नव्हता. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते.

“गोड हाये,” मी म्हणालो आणि मामी दुसऱ्या झाडाकडे वळली.