परतीची पेटी

अशी कल्पना करा, की तुमच्या टेबलावर हातभर उंचीची एक लाकडी बाई गुडघे टेकून बसली आहे. तिने दोन्ही हातांत झाकणाचं भांडं धरलं आहे. झाकणावर एक पक्षी आहे आणि त्याची चोच मोडायला कोणाच्या शर्टाची बाहीसुद्धा पुरेल. बाईचा उजवा हात मनगटाशी करंगळीएवढा बारीक, आणि तिथेच एक जुनी चीर. आता तुम्हाला तिच्यासाठी पेटी बनवायची आहे. ही पेटी ट्रकमध्ये चढेल, दोन विमानं बदलेल, शेवटी खड्ड्यांच्या रस्त्यावरून जाईल, आणि वाटेत कुठेतरी कोणीतरी ती आपटणारच. कुठून सुरुवात कराल?

बहुतेक जण म्हणतात, भरपूर मऊ फोम घालू. क्षिप्राला हे उत्तर ऐकायची सवय आहे. ती विचारते, जुन्या सोफ्यावर वजनदार पाहुणा बसला की त्याला खालची फळी लागते ना? फोमचंही तसंच. जड वस्तूला मऊ फोम म्हणजे नुसती हवा आणि हलक्या वस्तूला कडक फोम म्हणजे दगड. प्रत्येक फोमचं ठरावीक वजनाशीच जमतं. म्हणून कोणतंही काम आलं की तिचा पहिला प्रश्न एकच असतो : वजन किती?

क्षिप्रा मूळची पुण्याची. मेकॅनिकल इंजिनियर झाल्यावर चाकणला गाड्यांचे सुटे भाग परदेशी कसे पाठवायचे हे ती ठरवायची. नवरा प्रबोध सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागात सॉफ्टवेअरच्या नोकरीत लागला तेव्हा तीही तिकडे गेली आणि काकी बुकित या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका पॅकिंग कंपनीत डिझाइनच्या टेबलावर बसली. सुरुवातीला तिच्याकडे चिप बनवणाऱ्या मशीनच्या भिंगांचं काम होतं. मग संग्रहालयांचं काम आलं आणि ती आधी घाबरली. भिंग फुटलं तर कंपनी दुसरं देते. तीनशे वर्षांची फुलदाणी फुटली तर दुसरी कोणाकडे मागणार?

आता ती घाबरत नाही. उलट तिला सगळीकडे धक्केच दिसतात. हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातून, प्लॅस्टिकच्या पिशवीतला थंड चहा घेतला की ती पिशवी बोटाला टांगून चालते आणि चहा कसा झुलतो ते बघत राहते. टांगलेल्या वस्तूला रस्ता कळत नाही, असं ती म्हणते. खोक्यावर ‘फ्रॅजाइल’ची चिठ्ठी लावण्यावर तिचा विश्वास नाही. तिच्या मते ती चिठ्ठी वाचून लोक खोका जास्त आनंदाने फेकतात.

गुडघे टेकलेली बाई तिच्याकडे गेल्या वर्षी आली. एका खासगी संग्रहालयाची ती वस्तू होती. संग्रहालय छोटं, एका जुन्या रबर व्यापाऱ्याने आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं. बाईसकट हे भांडं त्याने लंडनच्या एका लिलावात घेतलं होतं. त्याच्या आधीची हकिकत संग्रहालयाचे प्रमुख डॉ. क्वेक यांनी स्वतः खणून काढली. नायजेरियाच्या नैऋत्येकडच्या एका गावात इंग्रजांच्या काळात कर वसूल करायला एक अधिकारी आला, कर मिळाला नाही म्हणून त्याने गावप्रमुखाच्या घरातलं मिळेल ते उचललं, त्यात हे भांडं होतं. भांडं पाठवायची तयारी आहे, असं क्वेक यांनी त्या गावाला आपणहून पत्र लिहिलं. गावाने आपला माणूस पाठवला.

त्यांचं नाव फोलारिन. निवृत्त भूमापक, सत्तरी ओलांडलेले, त्या गावप्रमुखाचे पणतू. सिंगापूरच्या एसीत ते सकाळपासून स्वेटर घालून फिरत आणि बाहेर उन्हात आले की तो काढून खांद्यावर टाकत. भांडं कशासाठी आहे हे त्यांनीच क्षिप्राला सांगितलं. त्यांच्याकडे पाहुणा आला की बोलणं सुरू होण्याआधी त्याच्यापुढे कोलाच्या बिया ठेवतात. चवीला कडू, पण त्या पुढे केल्याशिवाय पाहुणचार होत नाही. क्षिप्राला पानसुपारीचं तबक आठवलं आणि भांडं तिला एकदम ओळखीचं वाटायला लागलं.

अडचण पेटीत होती. पेट्या दोन प्रकारच्या असतात. वस्तू कायमची जाणार असेल तर झाकण साध्या स्क्रूने बंद करतात, कारण ते एकदाच उघडायचं असतं. वस्तू उसनी जाऊन परत येणार असेल तर लाकडात धातूच्या सॉकेट बसवतात आणि झाकणाला बोल्ट लावतात, म्हणजे कितीही वेळा उघडलं तरी लाकूड झिजत नाही. या भांड्याच्या ऑर्डरवर दुसरा प्रकार लिहिलेला होता. क्षिप्राने तो बनवला. बोल्ट छान बसले होते आणि तिला त्यांचा अभिमानही वाटत होता.

शुक्रवारी फोलारिन आणि क्वेक पेटी बघायला आले. फोलारिन पेटीभोवती एक फेरी मारून झाकणाशी थांबले. इंजिनियर असलेल्या माणसाला त्यांच्याकडे ‘इंजिनियर’ अशीच हाक मारतात.

“इंजिनियर, हे बोल्ट कशाला?”

बोल्ट जास्त मजबूत असतात, असं सांगता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं. क्षिप्राने क्वेककडे बघितलं. ते फोनमध्ये काहीतरी शोधत होते.

“पेटी पुन्हा बंद करता यावी म्हणून.”

“पुन्हा बंद करून जायचं कुठे?”

“इथे,” ती म्हणाली. “परत.”

फोलारिननी एका बोल्टवर टिचकी मारली. “म्हणजे बाईंचं रिटर्न तिकीट काढलंय.”

करारात तीन वर्षांसाठी उसनं असं लिहिलेलं होतं आणि फोलारिननी त्यावर सहीही केली होती. पण कागद वकिलांचे असतात, त्यांना तसं लिहावंच लागतं, असं त्यांना वाटलं होतं. पेटी मात्र हाताने बनवलेली होती. ती बघून त्यांना पटलं, की हे लोक भांडं खरंच परत मागणार आहेत.

क्वेक यांनी फोन ठेवला आणि सरळ सांगितलं. व्यापाऱ्याने विश्वस्त नेमताना अट घातली होती : संग्रहातलं काहीही विकायचं नाही, दान करायचं नाही. ती अट बदलायला कोर्टात जावं लागेल आणि त्यात वर्षं जातील. उसनं देणं मात्र आज शक्य आहे, आणि मुदत संपली की वाढवता येईल. त्यांनी हेही सांगितलं, की या बाईची धूळ ते तरुणपणापासून स्वतःच्या हाताने ब्रशने काढत आले आहेत आणि किड्याने तिला आजवर एक भोकही पाडलेलं नाही.

“त्याबद्दल तुमचे मनापासून आभार,” फोलारिन म्हणाले. “पण हे भांडं पाहुण्यांसाठी आहे. इतकी वर्षं तुमच्याकडे पाहुणे येतायत. एकाला तरी कोला मिळाला?”

क्वेकना हसू आवरलं नाही. फोलारिनही हसले, पण मग त्यांनी स्वेटरची बटणं लावली आणि सांगितलं, की या पेटीबरोबर ते प्रवास करणार नाहीत. गावाने भांड्यासाठी जागा तयार ठेवली आहे. त्या जागेवर तीन वर्षांची पाहुणी नेऊन बसवण्यापेक्षा ते रिकाम्या हातांनी जातील. विमान गुरुवारचं होतं.

त्या संध्याकाळी बेडोकच्या आपल्या फ्लॅटमध्ये क्षिप्राने प्रबोधपुढे विषय काढला. बोल्ट काढून स्क्रू लावायला एक दुपार पुरली असती, असं ती म्हणाली. प्रबोध म्हणाला, “स्क्रूड्रायव्हरने आफ्रिकेचा प्रश्न सोडवणार का तू?” त्यातून काही होणार नाही हे तिलाही कळत होतं. पण ती बाई माहेरपणाला चालली आहे की कायमची घरी, हे आधी विचारायला हवं होतं, असं तिला वाटत राहिलं. नेहमी ती फक्त वजन विचारायची.

रविवारी तिने फोलारिनना जेवायला बोलावलं. ते रागावले नव्हते, नुसते कंटाळले होते. हॉटेलच्या जेवणात तिखट नाही ही त्यांची मुख्य तक्रार होती. क्षिप्राच्या सासूबाई, नीलिमाताई, तेव्हा पुण्याहून आलेल्या होत्या. त्यांनी भरली वांगी केली आणि भीत भीत थोडासा ठेचा वाढला. फोलारिननी तो संपवून आणखी मागितला. सिंगापुरात पहिल्यांदा कोणीतरी जेवायला वाढलंय, असं ते म्हणाले. हे भाषांतर करून सांगितल्यावर नीलिमाताईंनी ठेच्याचं भांडंच त्यांच्यापुढे सरकवलं.

जेवण चालू असताना शेजारच्या रोहाना आंटी आल्या. त्यांच्या हातात स्टीलचा कडीचा डबा होता आणि डब्यात ओन्डे-ओन्डे, म्हणजे आत गुळाचा पाक आणि वरून खोबरं लावलेले हिरवे गोळे. नीलिमाताईंनी डबा घेतला, गोळे ताटात काढले, डबा धुऊन पुसला, त्यात बेसनाचे लाडू भरले आणि तोच डबा आंटींच्या हातात दिला. फोलारिन घास हातात धरून हे बघत होते.

डबा नक्की कोणाचा, असं त्यांनी विचारलं.

“आमचाच की,” नीलिमाताई म्हणाल्या. “मीच पुण्याहून आणला होता मागच्या खेपेला.”

क्षिप्राने ते इंग्रजीत सांगताच आंटींनी मान हलवली. “नो लाह. माझा आहे. मुस्तफाच्या दुकानातून घेतलाय मी.”

नीलिमाताईंनी डबा उलटा करून तळ बघितला. नाव कोणाचंच नव्हतं. “असू दे,” त्या म्हणाल्या. “रिकामा कधी गेला नाही ना, मग झालं.”

क्षिप्राने पाहुण्यांना समजावलं, की आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. आंटी म्हणाल्या, आमच्याकडेही तसंच. फोलारिननी डबा मागून घेतला, कडी दोनदा उघडून लावली आणि परत दिला. नंतर ते ठेच्याबद्दलच बोलले.

सोमवारी त्यांनी क्वेकना काकी बुकितला बोलावून घेतलं.

“बोल्ट राहू देत,” ते म्हणाले. “पेटी तुमची आहे, ती परत यायलाच हवी. आत काय असेल ते बोलू.”

त्यांच्या गावात अजून लाकूडकाम करणारं घराणं आहे. त्यांच्याकडून नवी बाई कोरून घेऊ, तिच्या भांड्यात कोला भरू आणि पेटी परत पाठवू, असं त्यांचं म्हणणं होतं. जुनी बाई घरी राहील.

क्वेकनी फोनमध्ये व्यापाऱ्याची ती अट पुन्हा उघडून वाचली. मग म्हणाले, की व्यापाऱ्याने विकायला आणि दान करायला मनाई केली आहे, पण तशाच वस्तूशी अदलाबदल करायला मुभा ठेवली आहे. तो स्वतः मित्रांबरोबर चिनी मातीच्या बशा बदलत असे. विश्वस्तांपुढे हे मांडता येईल.

आता फोलारिन अडले. अदलाबदल हा शब्द नको, असं ते म्हणाले. आमची वस्तू आमच्या घरातून उचलून नेली. ती सोडवायला आम्ही मोबदला दिला, असं उद्या पोरं वाचतील. नवी बाई ही भेट असेल, ज्याने इतकी वर्षं धूळ काढली त्याला दिलेली. क्वेक म्हणाले, भेट लिहिलं तर आमची जुनी बाई दान ठरते आणि सगळं पुन्हा अडतं. दोघेही खरंच बोलत होते. क्षिप्रा बाजूला फोम कापत होती आणि तिची सुरी थांबली होती.

शेवटी क्वेक म्हणाले, “तुम्ही तुमच्या कागदावर भेट लिहा. मी माझ्या कागदावर अदलाबदल लिहितो. पेटी एकच आहे.”

फोलारिननी क्षिप्राकडे बघितलं. “तुमच्या डब्यासारखं,” ते म्हणाले आणि मोठ्याने हसले.

पण हसून सगळं मिटत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. क्वेकना विश्वस्तांना विचारायचं होतं आणि फोलारिनना गावातल्या वडीलधाऱ्यांना. ती उत्तरं येईपर्यंत उसन्याचा करार तसाच राहणार होता. तरीही फोलारिन गुरुवारी विमानात बसले आणि लाकडी बाई त्यांच्याबरोबर गेली.

पेटी निघण्याआधी क्षिप्राने तिच्यात एक बदल केला. वस्तू ज्यात बसते तो आतला फोमचा ट्रे आधी चिकटवलेला होता. तो तिने सुटा केला, म्हणजे बाहेरून पेटी तीच राहील आणि आत दुसरा ट्रे बसवता येईल.

काही आठवड्यांनी फोटो आला. ओसरीवर बाई बसलेली, झाकण बाजूला काढून ठेवलेलं, भांड्यात कोलाच्या बिया आणि कोणाचातरी हात एक बी उचलताना. क्वेकनी तो फोटो बघितला तेव्हा त्यांना तो हात हातमोज्याशिवाय आहे याचाच आधी धक्का बसला, आणि मग त्यांनी तो छापून टेबलावर लावला. विश्वस्तांची बैठक चिनी नववर्षानंतर आहे. गावातले वडीलधारे अजून भेट या शब्दावर चर्चा करतायत. कारागिराने झाडच निवडलेलं नाही.

क्षिप्राच्या फळीवर एक कोरा ट्रे पडून आहे. जुनी बाई शंभराहून जास्त वर्षं वाळलेली, हलकी. ताजं लाकूड जड असतं, आणि वाळताना आकसतं. त्यामुळे जुन्या ट्रेचा फोम नव्या बाईला चालणार नाही, आणि आज अंदाजाने कापावा तर तो चुकणार. प्रबोध तिला चिडवतो, की उत्तर यायच्या आधीच तू उत्तराची पेटी भरायला घेतली आहेस. ती दुर्लक्ष करते आणि दर सोमवारी फोलारिनना तोच एक निरोप पाठवते : नव्या बाईचं वजन किती असेल?