सेक्रेटरींचा वाफा

"आज परत उकरलानी," गंगाराम म्हणाला.

मी वाफ्यापाशी गेलो. एक कोपरा उसकटलेला होता. ताम्हणाच्या चार-पाच बिया वर उघड्या पडल्या होत्या. एकीला नुकता पांढरा कोंब फुटला होता, तो मोडला होता.

पहिलं महायुद्ध संपून दहाएक वर्षं झाली असतील. रत्नागिरीत एका खाजगी संस्थेच्या बागेवर मी ओव्हरसियर होतो. गंगाराम माळी लांज्याकडचा. उकरणारे गृहस्थ म्हणजे आमचे सेक्रेटरी अण्णासाहेब, पेशाने वकील. नव्या इमारतीच्या रस्त्याला दुतर्फा ताम्हण लावायचं, ही कल्पना त्यांचीच. कल्पना चांगली होती. झाड आपल्याच नदीकाठचं, आणि ऐन उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी भरून जाणारं. पण कमिटीतल्या निम्म्या लोकांना गुलमोहर हवा होता. शेवटी ठरलं की पावसाळ्यापर्यंत ताम्हणाची रोपं तयार झाली तर ठीक. नाहीतर मुंबईहून गुलमोहर आणायचा, नर्सरी बंद करायची आणि आम्हा दोघांना रजा द्यायची.

ताम्हणाचं बी मिळवणं कटकटीचं. बोंड वाळलं की झाडावरच उकलतं आणि आतलं पंखाचं हलकं बी वाऱ्यावर निघून जातं. मी देवरूखकडे दोनदा माणूस पाठवला. पहिल्यांदा त्याने रिकामी बोंडं आणली, दुसऱ्यांदा हिरवी. तिसऱ्यांदा मी स्वतः गेलो. आता त्या वर्षीचं बी संपलं होतं. हे गेलं की पुढच्या हंगामापर्यंत काही नाही.

आणि हे गृहस्थ कोर्टात जाण्याआधी रोज सकाळी छत्रीच्या टोकाने वाफा उकरत होते.

"अण्णासाहेब, उकरू नका. कोंब मोडतात."

"अहो, मी पाहतोय फक्त. आत काय चाललंय ते कळायला नको?"

"उगवलं की आपोआप दिसेल."

"आणि नाही उगवलं तर? कमिटीला उत्तर मला द्यायचंय, तुम्हाला नाही."

मी कुंपण घातलं. ते कुंपण ओलांडून आत गेले. मी पाटी लावली. त्यांनी पाटीतलं शुद्धलेखन सुधारलं. गंगाराम म्हणाला, "बकरी असती तर दाव्याला बांधली असती."

शेवटी मी वैतागून वेगळा मार्ग धरला. बी पाखडताना निघालेलं फोल, म्हणजे आत गर नसलेलं बी, मी टाकलं नव्हतं. फाटकाजवळ एक छान वाफा काढला, कडेने जांभ्याचे दगड लावले आणि त्यात ते फोल पेरलं. चांगलं उरलेलं बी विहिरीमागच्या वाफ्यात टाकलं, वर नारळीचे झाप घातले. तिकडे चिखल असायचा. अण्णासाहेबांना बुटांची काळजी फार.

"हा खास तुमच्या देखरेखीखाली," मी फाटकाजवळ त्यांना सांगितलं. ते खूष झाले. रोज मनसोक्त उकरू लागले.

विहिरीमागे बी उगवलं. केसासारखी नाजूक रोपं, पण भरपूर. ती टोपल्यांत लावण्याजोगी झाल्यावर मी अण्णासाहेबांना हात धरून चिखलातून नेलं. ते वाकून रोपं बघू लागले.

"हे केव्हा पेरलंत?"

"तुमच्या वाफ्याबरोबरच."

"आणि इथे कोणी लक्ष देत होतं?"

"कोणीच नाही. फक्त पाणी घातलं."

आता तरी प्रकाश पडेल म्हणून मी थांबलो. अण्णासाहेबांनी मान हलवली.

"म्हणजे फाटकाजवळची जागाच वाईट. तरी मला वाटतच होतं."

गंगाराम झारी घेऊन घाईघाईने विहिरीपलीकडे गेला. तिथून त्याचं हसणं ऐकू येत होतं.

पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ताम्हण लागलं. गुलमोहराचं नाव निघालं नाही, नर्सरी राहिली. समारंभात अण्णासाहेबांनी आपण रोज सकाळी जातीने घातलेल्या लक्षाबद्दल भाषण केलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या हंगामात त्यांचा निरोप आला: यंदा आपल्या वाफ्याची जागा बदलावी.

मी बदलली. ते सेक्रेटरी होते तोवर दरवर्षी बदलत गेलो. एकाही जागेत काही उगवलं नाही. बाकी सगळी नर्सरी उत्तम चालली.

नर्सरी काढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की जागा आखताना पहिला वाफा वरिष्ठांसाठी सोडावा, आणि तो फाटकाजवळ असावा.