मास्तरांनी पाळलेली सुतकं

आमच्या भूगोलाच्या मास्तरांइतका खरं बोलणारा माणूस मालवण तालुक्यात दुसरा झाला नाही. सबंध आयुष्यात फक्त एकदा त्यांच्या नावावर खोटं छापलं गेलं, आणि ते मी छापलं. मास्तर आता नाहीत. माझीही पंचाहत्तरी उलटली. तेव्हा हे आता मलाच सांगायला हवं.

मास्तर हायस्कुलात भूगोल शिकवायचे. माझा मालवणातच, भरड नाक्यावर, टायपिंगचा क्लास होता: सहा मशिनं, एक बाक आणि कोपऱ्यात सायक्लोस्टाइलचं यंत्र. त्या यंत्रामुळेच मास्तर माझ्या आयुष्यात आले. ऐंशी सालानंतरची गोष्ट. त्यांची भाची मुंबईला कॉलेजात शिकत होती. एका मे महिन्यात ती आंबे खायला आली ती एक वही आणि चार फासे घेऊनच. तिच्या वर्गातल्या मुलांनी कुठल्याशा परदेशी खेळाविषयी ऐकून स्वतःचाच एक खेळ बसवला होता. एकानं सूत्रधार व्हायचं आणि वहीत पाहून गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं. कुणी वैद्य, कुणी चोर, कुणी तांड्यातला लमाण. वाटेत अडचण आली की आपण काय करणार ते सांगायचं आणि फासा टाकायचा; फासा म्हणेल तसं घडायचं. पट नाही, सोंगट्या नाहीत. सगळं तोंडी. मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, स्वयंपाकघराच्या दारातून अर्धा तास तो खेळ पाहिला आणि म्हणाल्या, "म्हणजे नुसत्यो गजालीच मां ह्यो!"

मास्तर मात्र त्या गजालींत, त्या गप्पांत, कायमचे अडकले. अशा वह्या लिहिणारी हौशी मंडळी पुण्यात होती, बेळगावात होती, पणजीत होती, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नव्हता. मास्तरांनी भाचीकडून पत्ते मिळवले, प्रत्येकाला पत्र घातलं, आणि 'सोंगफासे' नावाचं चार पानी पत्रक सुरू केलं. कुणीही आपल्या खेळाची वही पाठवावी, मास्तर ती खेळून परीक्षण लिहिणार, परीक्षण वाचून ज्याला हवी त्यानं ती वही मागवून उतरवून घ्यावी. परीक्षण मास्तरांचं, स्टेन्सिल कापणं, म्हणजे मेणकागदावर अक्षरं टाइप करणं, छापणं आणि तिकिटं चिकटवणं माझं. हाताला लागलेली शाई घरी धुतली तरी जात नसे, आणि तिचा मला अभिमान होता.

मास्तरांचा नियम असा, की खेळ तीनदा खेळल्याशिवाय त्याविषयी अक्षर लिहायचं नाही. एकदा जिंकायसाठी खेळायचा, एकदा हरायसाठी, आणि एकदा ज्याला कशातलं काही कळत नाही अशा माणसाला बरोबर घेऊन. या तिसऱ्या खेपेला मला आवर्जून बोलावणं असे. एरवी रविवारी दुपारी जेवणं झाली की सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर येत, मी जात असे, आणि माणूस कमी पडला तर वहिनी हातातलं सूप बाजूला ठेवून बसत. फासा सगळ्यांत जास्त त्यांनाच मानत असे. आठ बाजूंचा फासा मास्तरांनी सावंतवाडीच्या एका खेळणी करणाऱ्याकडून मुद्दाम करवून घेतला होता. त्यानं विचारलं होतं, "मास्तरानू, सात बाजवांनी भागना नाय काय?"

एकदा सोंग घेतलं की परीक्षण लिहून होईपर्यंत मास्तर ते उतरवत नसत. वहिनी ताटं मांडताना आत हाक घालत, "आज जेवक कोण बसता?" सरदार असला तर पाट, भिकारी असला तर केळीच्या पानाचा तुकडा. एका खेळात ते मुके पहारेकरी होते. तो आठवडाभर त्यांनी आठवीला अक्षांश-रेखांश हातवाऱ्यांनी शिकवले. त्या वर्गातले आज आजोबा झालेले विद्यार्थी म्हणतात, तेवढंच काय ते आम्हाला समजलं.

लिहिलेल्या गोष्टीची प्रत्यक्ष खात्री करून घेणं हाही त्यांच्या परीक्षणाचाच भाग. एका वहीत विजयदुर्गाच्या बुरुजावरचा शिपाई खाली होडीतल्या माणसाशी हळू आवाजात बोलतो असं होतं. मास्तर मला एस.टी.नं विजयदुर्गाला घेऊन गेले, मला खाली धक्क्यावर उभं केलं, आणि स्वतः बुरुजावरून भारतातल्या नद्यांची नावं म्हणू लागले. मला फक्त एक हात हलताना दिसला, म्हणून मीही हलवला. परीक्षणात त्यांनी लिहिलं, "बुरुजावरून आवाज पोचत नाही. नमस्कार पोचतो."

असंच एकदा खाडी ओलांडायला किती वल्ही मारावी लागतात ते मोजायला आम्ही देवबागला गेलो होतो. मालवणात जन्मून मला पाण्याची भीती आहे. होडी हलली तशी मी फळी दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले ते पलीकडच्या वाळूला टेकेपर्यंत उघडले नाहीत. होडीवाला म्हणाला, "मास्तरानू, तुमचो पावणो निजलो की काय?"

"हलवू नको रे तेका," मास्तर म्हणाले, "तो कधीच पलीकडे पोचलो." आणि पुढचं वल्हं मोजायला लागले.

पण मास्तरांची खरी ख्याती सुतकाची. खेळात त्यांचं सोंग मेलं की ते सुतक पाळत. पहिल्यांदा हा प्रश्न पडला तेव्हा त्यांनी आमच्या भटजींनाच विचारलं, की कागदावरच्या माणसाचं सुतक किती दिवस? भटजी दर्भ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "गोत्र म्हायत नाय तर तीन दिवस." तेव्हापासून तीन दिवस. दाढी नाही, देवळात जाणं नाही, घरच्या देवांना हात लावणं नाही. चौथ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मोकळे. शाळेच्या गणपतीत हेडमास्तरांनी आरतीचं तबक पुढं केलं तर मास्तर दोन पावलं मागं सरले. "सुतक आहे," ते म्हणाले. हेडमास्तरांचा चेहरा पडला. कोण गेलं म्हणून त्यांनी हळूच विचारलं. "घाटातला एक लमाण. साप चावला." "तुमचा कोण?" हेडमास्तरांनी विचारलं. मास्तर म्हणाले, "मीच."

वहिनींचं यावर रोज भांडण. "माझो कोण लागता तो लमाण? देवाक दिवो लावूक माका कित्याक बंदी?" मास्तर शांतपणे म्हणत, "घोव मेलो तर बायलेक सुतक नाय?" मग वहिनी शेजारणीकडून दिवा लावून घेत.

मास्तरांची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण माझ्या पापाला तीच उपयोगी पडली. आपलं छापलेलं परीक्षण ते कधी वाचत नसत. "आपलाच उष्टा आपण परत खावचा?" असं म्हणत अंक तसाच घडी करून फायलीला लावत.

चार वर्षं दुसऱ्यांचे खेळ छापून छापून मलाही वाटायला लागलं की आपणही एक लिहावा. मी लिहिला. नाव 'खाडीपार'. वादळात आजारी माणसाला होडीतून पैलतीरी न्यायचं, एवढीच गोष्ट. टोपणनाव घेतलं, कुडाळच्या मावसभावाचा पत्ता दिला आणि वही पोस्टानं मास्तरांना पाठवली. मग रविवारी त्यांच्याच ओटीवर बसून, मला काहीच ठाऊक नाही असं तोंड करून, मी माझाच खेळ खेळलो. मास्तर बुडाले. पुढच्या रविवारी हरायसाठी खेळले, तेव्हा तर बुडायलाच हवं होतं. तिसऱ्या खेपेला कंपाउंडर आणि मी वाचवायला असूनही बुडाले. तीन बुडण्यांचं मिळून नऊ दिवस सुतक झालं. नेमका श्रावण होता. वहिनींनी मला चहा देताना कप असा आपटला की बशी तडकली. "कोण तो मेलो ह्यो खेळ करणारो," त्या म्हणाल्या, "एकदा माझ्या हातात गावांदेच!" मी चहा प्यालो. तो बेताचाच गोड होता, पण साखर मागायचं धाडस झालं नाही.

मग परीक्षण माझ्या क्लासात आलं. मास्तरांचं उभं, स्वच्छ अक्षर. मी ते दारं लोटून वाचलं. खेळ फसला आहे, कुणी मागवू नये, असं त्यात लिहिलं होतं. त्यापुढेही काही ओळी होत्या, आणि त्या वाचून माझे कान तापले. मला वाटलं, ह्यांनी मला ओळखलं. आता सगळं मालवण ओळखणार. मी मशिनवर स्टेन्सिल चढवलं. मास्तरांच्या ओळींच्या जागी माझ्या ओळी कापल्या. "बुद्धीला चालना देणारा, संग्रही ठेवावा असा खेळ. अवश्य मागवावा." खाली मास्तरांचं नाव. मनात म्हटलं, कोणाचं काय नुकसान होतंय?

दीड महिन्यानं पत्रं यायला लागली. बेळगावच्या एकानं लिहिलं होतं, "दिवाळीच्या सुट्टीत चार मित्र लांबून गोळा झालो. अर्ध्या तासात चौघेही बुडालो. मास्तर, तुम्ही हा खेळ खेळला तरी होतात का?" मास्तरांनी हे पत्र माझ्या क्लासातल्या बाकावर बसून वाचलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "अंक दी रे." मी दिला. त्यांनी आपलं छापलेलं परीक्षण आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. मी टाइपरायटरची फीत गुंडाळत होतो. ती सुटली, बाकाखाली गेली, आणि मी ती शोधण्यात फार वेळ घेतला. वर आलो तेव्हा मास्तर अंकाची घडी घालत होते.

"शाई बरी उमटली हा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढच्या अंकासाठी चार ओळी आणून दिल्या. "मागील अंकातील परीक्षण माझ्या नावाने छापले आहे, म्हणून ते माझे आहे. ज्यांचा दिवस वाया गेला त्यांची क्षमा मागतो. यापुढे मी परीक्षणे लिहिणार नाही." त्या ओळी मी एक काना-मात्रा न बदलता कापल्या. तेव्हा बोलायला हवं होतं. मास्तर समोर बाकावर बसले होते, क्लास रिकामा होता, आणि मी यंत्राचा दांडा फिरवत राहिलो.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो तर वहिनी शेजारणीच्या हातून दिवा लावून घेत होत्या. मी विचारलं, आता कोण गेलं? त्या म्हणाल्या, "परीक्षक गेलो म्हणतत."

'सोंगफासे' त्या अंकानंतर बंद पडलं. रविवार मात्र बंद पडले नाहीत. मास्तरांच्या वागण्यात माझ्यापुरता तिळाएवढा फरक झाला नाही. पुढची कितीतरी वर्षं आम्ही त्याच ओटीवर जुन्या वह्या काढून खेळलो. त्यांनी राजे केले, भिकारी केले, पोटभर हसले, मेले आणि चौथ्या दिवशी आंघोळ करून पुन्हा खेळायला बसले. माणूस सुखात होता. म्हणूनच मला बोलायला जमलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. मग एका वर्षी मास्तरांचंच खरोखरचं सुतक आलं.

मास्तरांनी लिहिलेला तो मूळ कागद मी टाइपरायटरच्या झाकणात ठेवला होता. ज्या ओळी मी स्टेन्सिलवर घेतल्याच नाहीत त्या अशा:

"'खाडीपार' मी तीनदा खेळलो आणि तीनदा बुडालो. यात खेळणाऱ्याला करण्यासारखे काहीच नाही. फासा उगाच टाकायला लावला आहे. खेळ फसला आहे, कुणी मागवू नये. लेखकाने होडीचे वर्णन केलेले नाही, पाण्याचेही नाही. फक्त फळी धरलेल्या बोटांचे केले आहे. बहुधा तो डोळे मिटून खाडी ओलांडत असावा. पण ती बोटे खरी आहेत. इतके खरे मला या वर्षी दुसऱ्या कुठल्याही वहीत सापडले नाही. त्याने एकदा डोळे उघडून खाडी ओलांडावी आणि खेळ पुन्हा लिहावा. मी पुन्हा बुडायला तयार आहे."

गेल्या महिन्यात हा कागद घेऊन मी वहिनींकडे गेलो. त्यांना आता कमी दिसतं, म्हणून मीच वाचून दाखवला. वहिनी एकदम उसळल्या, "मेल्या, भर श्रावणात नऊ दिवस माझ्या हातातलो दिवो बंद केलो तो तू?" मी मान हलवली, ती त्यांना दिसली नसावी, म्हणून तोंडानं "होय" म्हटलं.

"आणि ता परीक्षकाचा सुतक?"

"तेही माझ्यामुळेच."

वहिनींनी पदरानं चष्मा पुसला. "तेंनी तीन दिवस पाळल्यानी नि सोडल्यानी," त्या म्हणाल्या. "तुमी अजून पाळतास, भावोजी? पुरे झाला. उठा, न्हावन येवा. मगे जेवक वाढतंय."

मी त्यांच्या न्हाणीत डोक्यावरून दोन कळशा घेतल्या आणि मास्तर बसत त्या पाटाशेजारी बसून जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवबागला गेलो. आता होड्यांना इंजिनं आहेत. वल्ही मोजायला उरलेली नाहीत. मी फळी धरली ती धरलीच, पण डोळे उघडे ठेवले. खाडीच्या मध्यावर पाण्याचा रंग एकदम बदलतो. अलीकडे मातकट आणि पलीकडे हिरवा. मास्तरांना हे नक्की ठाऊक असणार. परत आल्यावर मी नवी वही काढली आणि पहिल्या ओळीत तो रंग लिहिला.